विहारातला गोळ्यांचा डबा

बायको गेली त्याला महिनाही झाला नव्हता, आणि चहाच्या टपरीवर एक जण सगळ्यांसमोर मला म्हणाला, "काय बाबा, आता ती गोळी शोधून काय करता? घरी कोण आहे?" सगळे हसले. मी त्याच्या हातातला ग्लास उडवला. चहा त्याच्या पायजम्यावर सांडला आणि तो तिथेच नाचायला लागला. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आज लिहितानाही वाटत नाही.

कोणती गोळी ते आधीच सांगून टाकतो, कारण न सांगितल्यामुळेच पुढचं सगळं झालं. वय झाल्यावर, नाहीतर शुगरमुळे, पुरुषाचं अंग बायकोजवळ ताठ होत नाही. त्यासाठी डॉक्टर लिहून देतात ती गोळी. ज्याला लाज वाटते त्याने इथेच वाचणं सोडावं. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस आहे. मला गोल फिरवून बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून येत नाही.

आमची वस्ती कांचघरच्या बाजूला. आमचे बाप भंडाऱ्याकडून कामासाठी जबलपूरला आले, तेव्हा नागपूर आणि हे गाव एकाच राज्यात होतं. मग वाटणी झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर हिंदी. मी रिछाईच्या एका कारखान्यात फिटर होतो. वस्तीतले पुष्कळ जण तिथेच होते, कोणी लेथवर काम करणारा खरादी, कोणी वेल्डर. सोबत कामाला लागलो, सोबत रिटायर झालो आणि सगळ्यांना रोगही तेच झाले. शुगर, बीपी, हार्ट. सकाळी टपरीवर बसलं की पहिली गोष्ट तीच. कोणाची किती वाढली, कोणाची कोणती गोळी बदलली.

पण कोणत्या रोगावर बोलायचं आणि कोणत्या नाही, हे वस्तीत न सांगता ठरलेलं होतं. मूळव्याधीवर बोलायचे. लघवीला किती वेळा उठतो त्याच्यावर बोलायचे. ह्या एका गोष्टीवर फक्त हसायचे.

आमच्या विहारात पुस्तकांच्या कपाटाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. कोणाच्या घरी माणूस वारला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्याच्या उरलेल्या गोळ्या फेकायच्या नाहीत, त्या डब्यात आणून टाकायच्या. त्याचे कपडे देतात तसंच. ज्याला तोच रोग असेल त्याने घेऊन जायचं. हे कोणी सुरू केलं ते माहीत नाही, पण वस्तीला त्याचा मोठा गर्व. बाहेरचा पाहुणा आला की कमिटीचे सचिव डबा काढून दाखवत, "देखिए, हमारे यहाँ दवाई बेकार नहीं जाती." पाहुणाही मान हलवी.

माझी बायको नाही हलवायची. ती म्हणायची, "मेलेल्याची चप्पल घाला, स्वेटर घाला. त्याची गोळी काहून खाता?" विहार झाडायची तिची पाळी आली की ती डबा उघडून बसायची. पट्टीतून सुटलेल्या गोळ्या, नाव पुसलेल्या गोळ्या, तारीख गेलेल्या गोळ्या, सगळ्या बाहेर काढायची. सचिव ओरडायचे, "वहिनी, कोणाच्या कामी आल्या असत्या." ती म्हणायची, "कोणाला मारायच्या कामी?"

आणखी एक सवय आमच्यात आहे. ज्याला हार्टचं आहे त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डबी असते. त्यात जिभेखाली ठेवायची गोळी. ती डॉक्टरांनीच दिलेली असते, छातीत दुखलं तर ठेवायला. इथपर्यंत ठीक. पण आमच्या वस्तीत कोणी छातीवर हात ठेवला, की शेजारचा माणूस आपली डबी काढतो आणि आपली गोळी त्याच्या जिभेखाली कोंबतो. विचारत नाही, पाहत नाही. गॅस झालेल्यालासुद्धा कोंबली आहे. आणि मग वर्षभर सांगत फिरतो, "मैंने उसकी जान बचाई."

हा डबा आणि ही डबी, दोन्ही चांगल्या मनाने केलेल्या गोष्टी. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. वाईट मनाने केलेलं असतं तर कोणी तरी थांबवलं असतं.

आता ती गोळी माझ्याकडे आली कशी ते सांगतो. मला शुगर फार जुनी. हळूहळू रात्रीचं बंद पडलं. मी कोणाला बोललो नाही. रेल्वे लाइनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ना, "मर्दाना कमज़ोरी, निराश न हों", ते वाचून मी जबलपूरच्याच गोरखपुर भागातल्या बाजारात एका माडीवर गेलो. तिथे पगडी बांधलेला एक माणूस होता. त्याने माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि पुड्या दिल्या. शुगर विचारली नाही, बीपी विचारलं नाही. पुडी खाल्ली की डोकं घण मारल्यासारखं ठणकायचं, तोंड लाल व्हायचं. एकदा जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरला म्हणून वाचलो. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की असल्या जडीबुटीच्या पुड्यांत पुष्कळदा तीच अंग्रेजी गोळी कुटून टाकलेली असते, आणि किती टाकली ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. तो पगडीवाला अजूनही बसतो. वरून त्याने बोर्डाला लाइट लावला आहे.

पुड्या मी हत्यारांच्या पिशवीत ठेवायचो. बायकोने शोधून काढल्या.

"हे काय होय?"

"ताकदीचं."

"कोणाच्या ताकदीचं?"

मी पिशवीची दोरी बांधायला लागलो.

"मले माहीत नाही का? त्या पलंगावर दुसरी कोणी झोपते का?" ती म्हणाली. "चोरून काहून खाऊन राहिले? माझ्यासाठी खाता ना? मग मले विचारून खा."

दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरकडे नेलं. आमचा नेहमीचा शुगरचा डॉक्टर, म्हातारा माणूस. त्याच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. मी एकीवर बसलो, ती दुसरीवर. डॉक्टरने विचारलं, "बताइए, क्या तकलीफ़ है?" मी म्हणालो, "कमजोरी लगती है." डॉक्टर म्हणाला, "हाथ-पैर में?" मी म्हणालो, "ऐसे ही." मग माझी बायको डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "डॉक्टर साहब, इनका खड़ा नहीं होता. शुगर की वजह से है क्या, देख लीजिए."

मला वाटलं जमीन फाटावी. डॉक्टर हसला नाही. त्याने पेन ठेवलं आणि एकेक विचारायला लागला. छातीत दुखतं का? जिना चढताना दम लागतो का? हार्टची कोणती गोळी चालू आहे का, जिभेखालची कधी घेतली का? प्रोस्टेटची गोळी चालू आहे का? बीपीची कोणती? दारू किती? मग ईसीजी काढला, रक्त तपासलं. पुड्या दाखवल्या तर त्याने नाक मुरडून कचऱ्यात टाकल्या. नंतर गोळी लिहून दिली, कमी ताकदीची. आणि माझ्याकडे न पाहता माझ्या बायकोकडे पाहून सांगितलं, कारण ऐकणारं माणूस कोण आहे ते त्याला कळलं होतं.

दिवसात एकाच्या वर नाही. भरपेट जेवून नाही, दारू पिऊन तर नाहीच. एकदम डोळ्याने दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, नाहीतर अंग चार तास झाले तरी खाली येईना, तर लाजत घरी बसायचं नाही, दवाखान्यात यायचं. "और सबसे बड़ी बात," तो म्हणाला, "ये गोली और जीभ के नीचे वाली गोली, दोनों कभी साथ नहीं. नायट्रेट होता है उसमें. दोनों मिलके बीपी इतना गिरा देते हैं कि आदमी उठता नहीं. ये खाने के बाद छाती में दर्द हो, तो सीधे अस्पताल, और वहाँ सबसे पहले यही बताना कि ये खाई है, कब खाई है. और अपनी पट्टी किसी को देना नहीं. आपके लिए लिखी है, पड़ोसी के लिए नहीं."

बायको म्हणाली, "और ये खाके सो गए तो?"

डॉक्टर म्हणाला, "गोली अपने आप कुछ नहीं करती, मन तो चाहिए."

"मन का मैं देख लूँगी," ती म्हणाली. तेव्हा डॉक्टर हसला.

ती पट्टी तिने माझ्या हाती कधी दिली नाही. तिच्या बांगड्यांच्या डबीत ठेवायची. "पाहिजे असली तर मले मागा," म्हणाली. मागायला मला लाज वाटायची म्हणून कधी तीच काढून पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवायची आणि काही न बोलता भांडी घासायला जायची. हे मी लिहितो आहे ते कोणाला गुदगुल्या करायला नाही. साठीच्या पुढे गेलेल्या दोन माणसांना एकमेकांजवळ यावंसं वाटतं यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

मग तिच्या किडन्या गेल्या. ती पट्टी डबीत तशीच राहिली. शेवटी शेवटी तिच्या हातात बांगडी टिकत नव्हती, इतकी वाळली. बांगड्या काढून डबीत ठेवल्या तेव्हा पट्टी खाली दिसली. ती पण पाहून राहिली होती, मी पण. मी डबीचं झाकण लावलं.

ती गेली. पुण्यानुमोदन झालं. माणसं आली, खीर खाल्ली, गेली. काही दिवसांनी मी तिची डबी उघडली. बांगड्या होत्या, पट्टी नव्हती. सुनेला विचारलं.

"बाबा, आई की सारी दवाई मैंने विहार में दे दी," ती म्हणाली. "चूड़ी वाली डिब्बी में गोली का एक पत्ता था, वो भी. आईचीच होती ना?"

सुनेचा काही दोष नाही. इथेच वाढलेली पोर. मराठी समजते, बोलताना अडखळते. गोळीचं नाव तिला काय समजणार. सासूच्या बांगड्यांत सासऱ्याची गोळी असेल, असं कोणती सून धरून चालेल?

मी तसाच उठून विहारात गेलो. डबा काढला. बायकोच्या बीपीच्या गोळ्या होत्या, कॅल्शियमच्या होत्या. ती पट्टी नव्हती. म्हणजे कोणी तरी नाव ओळखून नेली होती. वस्तीत अशी गोळी कोण नेईल? म्हातारा माणूस नेईल. आणि म्हाताऱ्याच्या खिशात काय असतं? ती डबी.

सचिवांना विचारलं, कोणी नेली? ते म्हणाले, "आपण नोंद थोडी ठेवतो? ज्याला पाहिजे तो नेतो. काय होतं एवढं?"

मी सांगितलं काय होतं ते.

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली करून म्हणाले, "हळू बोला. विहार आहे." मग तोंडावर हात ठेवून हसायला लागले.

त्याच संध्याकाळी टपरीवर तो ग्लास उडाला. सचिवांनी माझ्या आधी तिथे जाऊन सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणजे ज्या गोष्टीवर विहारात बोलू नका म्हणाले, ती टपरीवर वाटून आले होते.

कारखान्यात आमचा एक नियम होता. मोठी मशीन दुरुस्तीला उघडली की आत दोन-तीन माणसं शिरलेली असायची. काम झाल्यावर मेन स्विच वर करायच्या आधी जोराने आवाज द्यायचा, "कोण आहे आत?" आणि जो आत असेल त्याने ओरडून उत्तर द्यायचं. लाज वाटते म्हणून आतला माणूस गप्प बसला, असं कधी झालं नाही. गप्प बसला तर त्याचं काय होईल ते सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, इथेही तेच करावं. आवाज द्यावा.

रविवारी वंदना झाली. बाया-माणसं सगळे बसलेले. सचिव सूचना सांगत होते, मी उभा राहिलो. म्हणालो, "माझी एक सूचना आहे. डब्यातून एक पट्टी गेली आहे. ती माझी होती, माझ्या बायकोची नाही. मला शुगरमुळे ताठ होत नव्हतं म्हणून डॉक्टरने दिली होती. ज्याने नेली त्याने मला परत देऊ नये, मला नाव पण सांगू नये. फक्त खाऊ नका. ज्याच्या खिशात जिभेखालची गोळी आहे त्याने ही खाल्ली तर तो मरू शकतो. आणि ज्याने खाल्ली असेल त्याच्या छातीत दुखलं, तर कोणी आपली गोळी त्याच्या तोंडात कोंबू नका."

मग मागून कोणी तरी फिस्सकन हसलं. एका बाईने तोंडात पदर कोंबला. माझा मुलगा मान खाली घालून बसला होता, त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. सचिव म्हणाले, "अहो, हे काय बोलायचं ठिकाण आहे?"

मी म्हणालो, "मेल्यावर तर मला इथेच श्रद्धांजली वाहाल ना? तेव्हा चालते ही जागा? मरायच्या आधी बोललेलं नाही चालत?"

"वहिनी जाऊन किती दिवस झाले, थोडी तरी लाज ठेवा."

माझ्या बायकोचं नाव त्यांनी लाजेसोबत घेतलं. मला पुढे काय बोललो ते आठवत नाही. चांगलं बोललो नसेन.

बाहेर चप्पल घालताना सगळ्यात मोठ्याने कोण हसलं? माझा मित्र. समोरच्या गल्लीत राहतो, माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, कारखान्यात माझ्याच शेडमध्ये खरादी होता. हार्टच्या नळीत जाळी बसवलेली. डबी खिशात. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तर छुपा जवान निघाला बे! आम्हाले कधी सांगितलं नाही?"

मी त्याला विचारलं, "तू नेली का?"

"मी?" तो म्हणाला. "मले काय गरज? मी आजही..." आणि दंडावर थाप मारली.

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली. तिथेच धरायला पाहिजे होतं त्याला. पण खरादी माणूस आपलं माप चुकलं असं कधी कबूल करत नाही, आणि मी तरी किती जणांच्या खिशात हात घालणार होतो?

तीन-चार दिवस गेले असतील. सकाळी मी दाढी करत होतो. त्याचा मुलगा धावत आला, "काका, चलिए, पापा को सीने में दर्द हो रहा है." मी अर्ध्या दाढीचा तसाच धावलो. घरात आधीच गर्दी. टपरीवरची सगळी मंडळी. तो पलंगावर बसलेला, घामाने बनियन ओलं, तोंड राखेसारखं. आणि ज्याच्या हातातला चहा मी उडवला होता तोच माणूस त्याच्यापुढे वाकून आपली डबी उघडत होता. "मुँह खोलो भैया, जीभ ऊपर करो."

मी त्याच्या हाताला फटका मारला. डबी उडाली, गोळ्या फरशीवर पसरल्या.

"पागल झाला का म्हातारा!" तो ओरडला. "मरून जाईल ना तो!"

मी मित्राला विचारलं, "घेतली का ती?"

त्याने मान हलवली. नाही.

"कधी घेतली?"

परत नाही.

"काका, क्या पूछ रहे हो आप!" त्याचा मुलगा म्हणाला. "पापा ऐसा कुछ नहीं खाते. बाजूला व्हा." मागे त्याची सून उभी, शेजारच्या बाया उभ्या. इतक्या लोकांत तो हो म्हणणार नव्हता. मेला असता पण हो म्हणाला नसता. तो माणूस मशीनवर बोट कापलं तरी हात खिशात घालून फिरला होता, मला माहीत आहे.

मी वहिनींकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे पाहिलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज निघत नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही सांगा. कोणाकडे पाहू नका. माझ्याकडे पाहून सांगा."

त्या म्हणाल्या, "काल, भाऊजी. झोपायच्या आधी."

घरात कोणी हसलं नाही. सुनेने तोंड फिरवलं. मित्राने डोळे मिटून घेतले. मला वाटलं त्याला छातीपेक्षा हे जास्त दुखलं.

ऑटोत टाकून दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरने पहिलं तेच विचारलं, कोणती दवाई चालू आहे, काही घेतलं का, ताकदीचं काही? मुलगा म्हणाला, "नहीं नहीं, वैसा कुछ नहीं." त्याने आपल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं, तरी म्हणाला. मी त्याला बाजूला सारलं आणि गोळीचं नाव सांगितलं, काल रात्री घेतली सांगितलं, जिभेखालची दिलेली नाही सांगितलं. वहिनींनी मान डोलावली. डॉक्टरने लगेच नर्सला मोठ्याने सांगितलं, "नायट्रेट नहीं देना." बीपी पाहिलं. आधीच खाली होतं. संध्याकाळी तोच डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, वेळेवर सांगितलं म्हणून आम्ही दुसऱ्या औषधांवर सांभाळलं, ती गोळी वरून दिली असती तर सांगता येत नव्हतं.

तो वाचला. घरी आला. आणि त्याने माझ्याशी बोलणं सोडलं.

मला वाटलं होतं, येईल, बसेल, शिव्या देईल, मग चहा पिऊ. नाही. टपरीवर मी गेलो की तो उठायचा. मुलाजवळ म्हणाला, "त्याने माझी इज्जत घालवली." इज्जत! मी विहारात उभा राहून माझी घालवली तेव्हा हा पोट धरून हसत होता. आणि टपरीवरचे लोक आता काय म्हणत होते? त्याला नाही, मला म्हणत होते, "एवढं सगळ्यांसमोर विचारायचं काय होतं? बाजूला नेऊन विचारायचं." ज्याला उभं राहता येत नव्हतं त्याला बाजूला कुठे नेऊ?

त्या रागातच मी एक दिवस विहारात जाऊन डबा उचलला. सचिव आडवे आले. मी म्हणालो, "हात लावून पाहा." त्यांनी नाही लावला. सगळ्या गोळ्या पिशवीत भरून मेडिकलवाल्याकडे नेल्या, त्याला म्हटलं हे कुठे टाकायचं ते तू पाहा. डबा घरी आणला. आता त्यात माझे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर आहेत. कमिटीने माझ्यावर मीटिंग घेतली. घ्या म्हणावं.

मग एका दुपारी वहिनी आल्या. पदराच्या टोकाला बांधलेली ती पट्टी सोडून माझ्यापुढे ठेवली. उरलेल्या गोळ्या तशाच होत्या.

"यांच्या उशीखाली सापडली," त्या म्हणाल्या. "फेकून द्या म्हटलं तर ओरडतात. भाऊजी, हे परत कुठून तरी आणतील. त्या माडीवरच्याची विचारपूस करून राहिले."

"डॉक्टरकडे न्या त्याला."

"जात नाहीत ना. तुमच्याशी बोलत नाहीत, डॉक्टरशी काय बोलतील? आणि मी..." त्या थांबल्या. "मी तुमच्या बायकोसारखी नाही. एवढं एकदा बोलली तेच."

असा राग आला मला. कोणाचा ते सांगता येणार नाही. त्या पगडीवाल्याचा, त्या भिंतीवरच्या जाहिरातीचा, हसणाऱ्यांचा, आणि माझ्या बायकोचा पण, की हे तिचं काम होतं आणि ती निघून गेली. पट्टी घेतली, चप्पल घातली आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो खाटेवर पडून पेपर वाचत होता.

"ऊठ."

पेपर हलला नाही.

"ऊठ बे. शर्ट घाल. नाहीतर इथेच ओट्यावर उभा राहून सगळ्या गल्लीला सांगतो कुठे नेऊन राहिलो ते. माझी इज्जत तर तशीही गेली, मला काही फरक पडत नाही."

त्याला माहीत होतं मी सांगेन. शर्ट घातला. पूर्ण रस्ता माझ्या मागे मागे चालत आला.

तोच म्हातारा डॉक्टर. त्याच दोन खुर्च्या. माझ्या खुर्चीवर तो बसला, आणि मला बसायला उरली ती माझ्या बायकोची. डॉक्टरने विचारलं, "बताइए." मित्र म्हणाला, "बस, थोड़ी कमजोरी है." टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर पाहत बसला. डॉक्टर थांबला.

मग मी म्हणालो, "डॉक्टर साहब, इनका खड़ा नहीं होता. और जेब में जीभ के नीचे वाली गोली है. मेरी पट्टी चुराके खाई, मरते मरते बचे. देख लीजिए."

डॉक्टरने सगळं विचारलं. दवाखान्याचे कागद पाहिले. सरळ सांगितलं, जब तक आपकी जेब में वो डिब्बी है, तब तक ये गोली नहीं. ना ये, ना कोई जडीबूटी. हार्टच्या डॉक्टरला दाखवा, त्याला हे पण खरं सांगा, तो म्हणेल तर आणखी उपाय आहेत, गोळीशिवायचेही आहेत. आणि पुढच्या वेळी बायकोला सोबत आणा. मी माझी पट्टी टेबलावर ठेवली. "ही आता माझ्याकडे नको," म्हणालो. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी बायको गेल्याचं माहीत नव्हतं. मग त्याला समजलं. पट्टी त्याने ड्रॉवरमध्ये टाकली.

परत येताना आम्ही चौकात आलो. मग तो पहिल्यांदा बोलला.

"एवढी पायपीट करवली बे, आणि गोळी तर त्याने दिलीच नाही."

"तोंड उघडलं ना तुझं. चाल."

"तुझी वहिनी विचारेल, डॉक्टर काय म्हणाला."

"मग सांग तिला. खरं सांग."

त्याने खिशातली डबी चाचपली. "तुले सोपं होतं," म्हणाला. "तुझी बायको..." आणि थांबला.

मागून ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. आम्ही दोघे नालीच्या बाजूला सरकलो.

"हो," मी म्हणालो. "माझी बायको."